लपवायचे काही नाही, राखायचे बरेच आहे

मोबाइल, त्यातली अ‍ॅप आणि त्यातून बाहेर जाणारी आपली माहिती हा विषय कार्यकर्त्यांच्या बैठकीत काढला की तीन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले, 'माझ्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?' दुसरे, 'फुकट मिळते ना, मग तक्रार कशाची?' आणि तिसरे, 'सरकारला अन् कंपन्यांना सगळे आधीच माहीत आहे, आता दार लावून काय उपयोग?' ही वाक्ये बोलणारी माणसे अडाणी नाहीत. त्यांत प्राध्यापक आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, माझ्याच व्यवसायातले वकील आहेत. म्हणूनच या तिन्ही वाक्यांची उलटतपासणी करणे गरजेचे आहे. ज्यांना जन्माच्या आधारावर कधी काही गमवावे लागले नाही, त्यांना ही वाक्ये एकवेळ परवडतील. आपल्याला ती परवडणारी नाहीत, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. शाळा-कॉलेजचे प्रवेश आणि शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कागदपत्रांचे फोटो येऊन पडू लागतात. मुलीचा जातीचा दाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान. खाली एक ओळ असते, 'सर, फॉर्म परत का येतो, बघा ना.' विचारणारा गरजू असतो आणि उत्तर देणारा कार्यकर्ता प्रामाणिक असतो. दोघांच्याही हेतूबद्दल शंका नाही. परंतु त्या ग्रुपमध्ये पाचशे माणसे असतात. त्यांतल्या निम्म्यांना आपण चेहऱ्याने ओळखत नाही. त्या मुलीचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जात, मूळ गाव, आधार क्रमांक आणि खाते क्रमांक एका क्षणात पाचशे मोबाइलमध्ये उतरतो. त्यांतला एखादा मोबाइल दुरुस्तीला जातो, एखादा विकला जातो, एखाद्यात कर्ज देणारे भलतेच अ‍ॅप बसलेले असते. शिष्यवृत्ती संपते, मुलगी शिकून नोकरीला लागते, पण तो फोटो जिथे गेला तिथे राहतो.

यावर उत्तर येते, 'आम्ही जात लपवत नाही. आम्ही ताठ मानेने जय भीम म्हणतो.' अगदी खरे. परंतु स्वतःहून सांगणे वेगळे आणि दुसऱ्याने आपल्या पाठीमागे शोधून काढणे वेगळे. मी माझी ओळख सांगतो तेव्हा तो माझा स्वाभिमान असतो. घर भाड्याने देणारा, नोकरीला ठेवणारा किंवा सोयरिकीची चौकशी करणारा माझ्या नकळत ती ओळख शोधून काढतो तेव्हा ती त्याच्या हातातले हत्यार होते. शहरात घर शोधताना 'पूर्ण नाव काय?', 'गाव कुठले?', 'मांस-मच्छी चालते का?' हे प्रश्न कशासाठी विचारले जातात, हे या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. आता ते प्रश्न विचारण्याचीही गरज उरलेली नाही. आडनाव, फोन नंबर आणि एक फोटो यांवरून बाकीचे शोधता येते.

१९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी सराईत त्यांना नाव बदलून राहावे लागले आणि खरी ओळख उघड होताच काठ्या घेतलेले लोक दाराशी येऊन उभे राहिले. हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो, आणि तो आहेच. परंतु माणसाची एक माहिती, त्याच्या इच्छेविरुद्ध, चुकीच्या हातात पडली तर काय होते, याचाही तो दाखला आहे. त्या वेळी ती माहिती तोंडातोंडी पसरली. आज ती बोटाच्या एका स्पर्शाने पसरते, एवढाच फरक.

आता कायदा याबाबत काय म्हणतो ते पाहू. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारविरुद्ध २०१२ मध्ये याचिका दाखल केली होती. त्या ओघात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेला. केंद्र सरकारच्या वतीने त्या वेळी जो युक्तिवाद झाला त्याचा आशय असा होता की, गरिबाला अन्न, निवारा हवा असतो. खासगीपणा ही मूठभर सुखवस्तूंची चिंता आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी घटनापीठाने एकमताने हा युक्तिवाद फेटाळला आणि खासगीपणा हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, तसेच तिसऱ्या भागातील इतर स्वातंत्र्यांचा अविभाज्य भाग असल्याचा निर्णय दिला. पोट भरण्यासाठी माणसाने आपले स्वातंत्र्य गहाण टाकावे, ही अट न्यायालयाने मान्य केली नाही.

या निकालातील एका गोष्टीची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेच्या समितीला जे निवेदन सादर केले आणि जे पुढे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने प्रसिद्ध झाले, त्यातील मूलभूत हक्कांच्या यादीत माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून व जप्तीपासून संरक्षण मागितलेले आहे. कन्हैयालाल मुनशी यांच्या मसुद्यातही पत्रव्यवहाराच्या गुप्ततेची तरतूद होती. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बी. एन. राव यांनी हरकती घेतल्या आणि शेवटी ही तरतूद गळाली. म्हणजे जो हक्क बाबासाहेबांनी १९४७ मध्ये मागितला, तो देशाला निःसंदिग्धपणे मिळायला २०१७ साल उजाडावे लागले. आज माणसाची कागदपत्रे आणि पत्रव्यवहार कपाटात राहत नाहीत, मोबाइलमध्ये राहतात. मग 'हा श्रीमंतांचा विषय आहे' असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आणखी एक बाब मला अधिक गंभीर वाटते. पुट्टस्वामी निकालानंतर माहिती संरक्षणाचा कायदा करण्यासाठी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये मसुदा दिला. त्यात 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' असा वेगळा वर्ग होता. आरोग्य, बोटांचे ठसे, धार्मिक श्रद्धा यांच्याबरोबर जात किंवा जमात हीसुद्धा त्या वर्गात होती. अशा माहितीला अधिक कडक संरक्षण मिळणार होते. संसदेत मांडलेल्या २०१९च्या विधेयकातही ही तरतूद कायम होती. ते विधेयक मागे घेतले गेले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मंजूर झाला, त्यातून हा संपूर्ण वर्गच वगळण्यात आला. आज कायद्याच्या दृष्टीने तुमची जात आणि तुमच्या बुटाचा नंबर ही एकाच दर्जाची माहिती आहे. एरवी लहानसहान गोष्टींवर निवेदने देणाऱ्या आपल्या संघटनांपैकी कितींनी याबाबत आवाज उठवला?

आता दुसरे वाक्य, 'फुकट मिळते ना!' जगात फुकट जेवण घालणारा एक तर आप्त असतो, नाही तर त्याला काहीतरी हवे असते. फेसबुकने फेब्रुवारी २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप विकत घेण्याचा सौदा जाहीर केला तो सुमारे १९ अब्ज डॉलरचा होता. जे अ‍ॅप आपल्याला फुकट मिळते ते विकत घ्यायला एवढे पैसे का मोजले गेले? व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो, वाटेत कोणाला वाचता येत नाही, हे खरे आहे. परंतु तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोलता, कोणत्या ग्रुपमध्ये आहात, ही माहिती कंपनीजवळ असते. पत्रातला मजकूर न वाचताही पाकिटावरचे पत्ते जमवत गेले तर माणसाचे सगळे संबंध उघडे पडतात. २०२१च्या धोरणानुसार ही माहिती मूळ कंपनीच्या इतर उद्योगांना देण्यास संमती द्या, नाही तर अ‍ॅप सोडा, असा पवित्रा कंपनीने घेतला. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि पुढे तो वाद अपिलात गेला. 'संमती' म्हणून आपण जे बटण दाबतो ते खरोखर संमतीचे असते का, हाच त्या वादाचा गाभा आहे.

काही जण म्हणतात, 'माझे मी बघेन, माझी माहिती गेली तर माझी गेली.' हेही खरे नाही. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आले तेव्हा फेसबुकने सांगितले की, भारतात ते अ‍ॅप फक्त ३३५ जणांनी घेतले होते. परंतु त्यांच्या मित्रयादीतून ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता होती त्यांची संख्या ५ लाख ६२ हजारांच्या वर होती. ३३५ जणांनी होकार दिला आणि लाखो लोकांची झडती झाली. तुमच्या मोबाइलमधील संपर्कयादी ही तुमची एकट्याची मालमत्ता नाही. त्यात कार्यकर्त्यांचे नंबर आहेत, अत्याचारग्रस्त कुटुंबाचा नंबर आहे, आंतरजातीय विवाह करून दुसऱ्या जिल्ह्यात राहणाऱ्या मुलीचा नवा नंबर आहे. एखाद्या खेळाच्या अ‍ॅपला 'अलाऊ' म्हणताना आपण त्या सगळ्यांच्या वतीने सही करतो. वकील या नात्याने मी म्हणेन की, असे वकीलपत्र आपल्याला कोणीही दिलेले नाही.

याचे सर्वात क्रूर रूप म्हणजे झटपट कर्ज देणारी अ‍ॅप. पाच-दहा हजारांसाठी आपल्या वस्तीतली तरुण मुले, बचतगटातल्या बाया त्यांत अडकल्या. अ‍ॅप बसवताना संपर्कयादी आणि फोटो पाहण्याची परवानगी घेतली जाते. हप्ता चुकला की सासरच्या माणसांना, साहेबाला, शेजाऱ्याला फोन जातात. मोडतोड केलेले घाणेरडे फोटो पाठवले जातात. अब्रूच्या भीतीने लोकांनी जीव दिल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मधील सूचनांनुसार डिजिटल कर्जाच्या अ‍ॅपना ग्राहकाची संपर्कयादी, कॉलची नोंद, फोटो व फाइली पाहण्यास मनाई केली. म्हणजे असे अ‍ॅप तुमची संपर्कयादी मागत असेल तर तेथेच ओळखावे की हा सावकार बेकायदेशीर आहे. कोणी अडकलाच तर त्याला दोष देत बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी आणि धमक्यांचे संदेश पुसून न टाकता पुरावा म्हणून जपून ठेवावेत.

फुकटाचा दुसरा प्रकार म्हणजे चोरीचे सॉफ्टवेअर. आपल्या कित्येक संस्थांच्या कार्यालयात संगणकावर 'क्रॅक' केलेले विंडोज आणि ऑफिस असते. बसवणारा मुलगा दोनशे रुपये घेतो आणि सगळे खूश असतात. परंतु त्या क्रॅकबरोबर आणखी काय आत आले, हे कोणी पाहत नाही. कार्यकर्त्याच्या संगणकात घुसखोरी झाली तर काय होऊ शकते, याची चर्चा भीमा कोरेगाव प्रकरणाने देशभर झाली. त्यातील एका आरोपीच्या लॅपटॉपच्या प्रतीची तपासणी करून आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये असा अहवाल दिला की, ई-मेलबरोबर आलेली एक फाइल उघडल्यामुळे २०१६ पासून तो लॅपटॉप घुसखोराच्या ताब्यात होता आणि त्यात दस्तऐवज बाहेरून पेरले गेले. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही. सत्य काय ते न्यायालय ठरवील. परंतु असे करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, एवढे समजले तरी संस्थेचा संगणक कोणाच्याही पेन ड्राइव्हसाठी उघडा ठेवण्याची हिंमत कोणी करणार नाही.

पैसे नाहीत म्हणून चोरीचे वापरतो, हे कारणही टिकणारे नाही. लिनक्स आणि लिब्रे ऑफिससारखी मुक्त सॉफ्टवेअर उघडपणे, कायदेशीररीत्या, विनामूल्य मिळतात. येथे कोणी विचारील, आताच म्हणालात की फुकट देणाऱ्याला काहीतरी हवे असते, मग हे कसे? फरक असा की, या सॉफ्टवेअरचा मूळ आराखडा सर्वांना पाहण्यासाठी खुला असतो. त्यात काही लपवले असेल तर जगातला कोणीही जाणकार ते शोधून काढू शकतो. ती देणगीतून, स्वयंसेवकांच्या श्रमातून आणि ज्यांना त्यांची गरज आहे अशा संस्थांच्या पैशातून चालतात. केरळातील सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिकत आली आहेत. त्यांना जमते ते आपल्या वसतिगृहातल्या मुलांना का जमू नये?

याच्याशी जोडलेला एक घरचा प्रश्न आहे. गेल्या तीस वर्षांतल्या आपल्या स्मरणिका, पुस्तिका, परिषदांचे ठराव हे बहुतेक जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, पेजमेकरसारख्या आता बंद पडलेल्या सॉफ्टवेअरवर तयार झाले. ती फाइल आज दुसऱ्या संगणकावर उघडली तर अक्षरांऐवजी नुसत्या चिन्हांचा कचरा दिसतो. डीटीपी करणारा माणूस गेला, त्याचा संगणक भंगारात गेला, की आपला इतिहासही गेला. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर तो कोणत्याही यंत्रावर वाचता येतो, शोधता येतो, पुढच्या पिढीला देता येतो. ज्यांच्या लिहिण्यावरच शतकानुशतके बंदी होती, त्यांनी आपले लिहिलेले कोणत्या पेटीत ठेवायचे आणि त्या पेटीची किल्ली कोणाकडे असावी, हा विचार इतरांपेक्षा अधिक केला पाहिजे. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केला आणि पुढे स्वतःचा छापखानाही उभा केला. साधन दुसऱ्याचे असेल तर आपला आवाज त्याच्या मर्जीवर राहतो, हे त्यांनी ओळखले होते.

आता तिसरे वाक्य. 'सगळे माहीतच आहे, आता काय उपयोग?' हे वाक्य शहाणपणाचे वाटते, पण ते हार मानलेल्या माणसाचे वाक्य आहे. माहिती एकदा गेली म्हणून रोज नव्याने द्यायची, हा कुठला न्याय? शिवाय आज निरुपद्रवी असलेली यादी उद्या कोणाच्या हातात जाईल, हे कोणी सांगावे? इंग्रजांनी १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंदवह्या तयार केल्या. नुसत्या जन्मावरून माणसांची नावे त्यांत चढली आणि नाव चढले की हजेरी सुरू झाली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण गावात चोरी झाली की पोलीस आधी पारधी बांधवांच्या पालावर जातात, हे आजही कोर्टात रोज दिसते. नोंदवही रद्द होते, नोंद राहते. संगणकातली नोंद तर झिजत नाही, फाटत नाही, वाळवीही लागत नाही.

सरकारी यंत्रणाच माहिती सांभाळते, हा भ्रमही सोडला पाहिजे. सुमारे २१० सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थींची नावे, पत्ते आणि आधार क्रमांक उघड झाले होते, ही कबुली २०१७ मध्ये अधिकृतपणे देण्यात आली. लाभार्थी म्हणजे कोण? निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती, रोजगार हमी यांवर अवलंबून असलेला माणूस. पेगॅसस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले, पाचांमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले. ते पेगॅससच होते असे निश्चित म्हणता आले नाही आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले. 'आयफोन घेतला की चिंता नाही' असे म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की पेगॅसस आयफोनमध्येही शिरलेले आहे. महाग फोन म्हणजे अभेद्य किल्ला नव्हे. फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी, सुरक्षेची सुधारणा किती वर्षे मिळणार, हे दुकानदाराला विचारावे.

आणि आवाज उठवून उपयोग होत नाही, हेही खोटे आहे. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये 'संचार साथी' हे सरकारी अ‍ॅप आधीपासून बसवण्याचा आदेश कंपन्यांना दिला. देशभर टीका झाली आणि ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घ्यावी लागली. अ‍ॅप उपयोगी होते की नव्हते, हा मुद्दा वेगळा. माझ्या घरात काय ठेवायचे ते मला विचारून ठेवा, एवढेच नागरिक म्हणाले आणि ते ऐकले गेले.

मात्र सावध राहण्याची दुसरी बाजूही आहे. खासगीपणाचा हक्क नागरिकाचे संरक्षण करण्यासाठी आहे, भ्रष्ट अधिकाऱ्याला पांघरूण घालण्यासाठी नाही. २०२३च्या कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आणि तो नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध असलेली किंवा व्यापक जनहिताची वैयक्तिक माहिती द्यावी लागत असे. आता 'वैयक्तिक माहिती' एवढेच कारण सांगून अर्ज फेटाळण्याची सोय झाली आहे. खोट्या जातप्रमाणपत्रावर नोकरी लाटणारा कोण, अनुसूचित जातींसाठीचा निधी कोणत्या ठेकेदाराला गेला, हे आपले कार्यकर्ते याच कायद्याने शोधत आले. म्हणजे गरिबाचा आधार क्रमांक उघड्यावर आणि अधिकाऱ्याचा कारभार पडद्याआड, असा उलटा न्याय. तथापि कलम ८(२) शाबूत आहे. लोकहित हे संभाव्य हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते. यापुढे प्रत्येक अर्जात आणि अपिलात हे कलम आवर्जून लिहावे आणि लोकहित काय आहे ते दोन ओळींत मांडावे.

तर मग करायचे काय? मोबाइल फेकून द्या, असे मी म्हणणार नाही. मोबाइलने अत्याचाराची बातमी तासाभरात मुंबईला पोहोचते आणि खेड्यातली मुलगी घरी बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. साधन सोडायचे नाही, साधनाचे गुलाम व्हायचे नाही, एवढेच. त्यासाठी काही साध्या सवयी पुरेशा आहेत.

कोणाचाही दाखला, आधार किंवा पासबुक ग्रुपवर टाकू नये आणि कोणी टाकले तर अ‍ॅडमिनने ते लगेच काढावे. मदत हवी असेल तर एका विश्वासू कार्यकर्त्याला पाठवावे, काम झाल्यावर त्याने ते पुसावे. ओळख म्हणून आधार द्यावे लागले तर शेवटचे चारच आकडे दिसणारी 'मास्क्ड' प्रत द्यावी. ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. बोटांचे ठसे वापरात नसताना कुलूपबंद ठेवण्याची सोयही तेथेच आहे. अर्ज भरून झाल्यावर केंद्राच्या संगणकावरून आपली कागदपत्रे काढून टाकायला सांगावे. मोबाइलमध्ये प्रत्येक अ‍ॅपला काय काय परवानगी दिली आहे ते महिन्यातून एकदा पाहावे. टॉर्चला संपर्कयादी आणि पंचांगाला मायक्रोफोन लागत नाही. अत्याचार प्रकरणातील फिर्यादी, साक्षीदार यांच्याशी बोलण्यासाठी सिग्नलसारखे अ‍ॅप वापरावे. ते ना-नफा संस्थेचे आहे आणि कमीत कमी नोंद ठेवते. व्हॉट्सअ‍ॅपच वापरायचे असेल तर बॅकअपलाही कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून आहे, ती सुरू करावी. पीडितेचे नाव, फोटो, घराचा पत्ता निषेधाच्या उत्साहातही पुढे पाठवू नये. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे आणि आपल्याच बहिणीवर केलेला तो दुसरा अन्याय आहे.

पोलिसांनी मोबाइल किंवा संगणक जप्त केला तर घाबरून जाऊ नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक आहे. पंचनाम्यात यंत्राचा क्रमांक लिहिला आहे ना, ते सीलबंद केले ना, हे पाहावे. आतील माहितीची 'हॅश व्हॅल्यू' नोंदवण्याची मागणी करावी. हॅश व्हॅल्यू म्हणजे त्या माहितीचा जणू अंगठा. नंतर आत एक अक्षर जरी बदलले तरी तो जुळत नाही. ही मागणी लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी.

संघटनांच्या पातळीवरचे काम याहून मोठे आहे. २०२३च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. या कायद्यात उणिवा आहेत, सरकारी यंत्रणांना मोठी सूट आहे. तरीही त्यात कामाच्या गोष्टी आहेत. संमती मागणारी सूचना मराठीतून वाचायला मिळणे हा तुमचा हक्क आहे, कारण ती आठव्या परिशिष्टातील भाषांत उपलब्ध करून देणे बंधनकारक केले आहे. दिलेली संमती मागे घेण्याचा, माहिती दुरुस्त करण्याचा आणि ती पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीशिवाय वापरता येणार नाही. हे हक्क कागदावर राहू द्यायचे नसतील तर ते मागावे लागतील. आणि त्याबरोबर एक ठाम मागणी केली पाहिजे, ती म्हणजे जात व जमात ही संवेदनशील माहिती म्हणून कायद्यात पुन्हा समाविष्ट करा. २०१८च्या मसुद्यात जे होते ते का काढले, याचे उत्तर सरकारला संसदेत द्यावे लागेल, असा रेटा आपल्या लोकप्रतिनिधींमार्फत निर्माण झाला पाहिजे.

आपल्या संघटनांच्या विषयपत्रिकेवर जयंतीची वर्गणी असते, मिरवणुकीचा मार्ग असतो, सभागृहाचे भाडे असते. येत्या बैठकीत त्यात एक विषय वाढवावा. आपल्याकडील सभासदांची यादी, देणगीदारांचे तपशील आणि वसतिगृहातल्या मुलांची कागदपत्रे कोणाच्या मोबाइलमध्ये, कोणाच्या खात्यावर पडून आहेत, याचा अर्धा तास बसून हिशेब करावा. पैशाचा हिशेब आपण काटेकोर ठेवतो, कारण तो समाजाचा पैसा असतो. माणसांची माहितीही समाजाचीच ठेव आहे.